जलपर्णीचा बायोचार उसाच्या रोपांच्या ट्रेमध्ये चालेल का? (उजनीचा फुगवटा)

भीमाकाठची

नमस्कार मंडळी. मी करमाळा तालुक्यात उजनीच्या फुगवट्यावर राहते. घरचा अडीच एकर ऊस आहे, सासरे अजून पहाटे होडी घेऊन जाळी टाकायला जातात, आणि आम्ही अकरा जणी मिळून बचत गटाची उसाची रोपवाटिका चालवतो. एक डोळा टिपरी, ४२ कपांचे ट्रे, कोकोपीट, शेडनेट, हे सगळं इथल्या बऱ्याच जणांना माहीत असेल.

प्रश्न जलपर्णीचा आहे. पवना, इंद्रायणी, मुळा-मुठा सगळ्यांचं पाणी भीमेतून शेवटी आमच्याकडेच येतं, आणि पाण्याबरोबर ही जांभळ्या फुलांची हिरवी चटईही येते. दिवाळीनंतर काही ठिकाणी होडी पुढे सरकत नाही. जाळं टाकलं तर जाळ्यात चिलापी कमी आणि मुळ्या जास्त. सासऱ्यांनी गेल्या हिवाळ्यात दोन जाळी फाडून घेतली. मागे एका ठेकेदाराच्या मशीननं जलपर्णी काढली होती, पण काढलेला ढीग काठावरच टाकला. पहिल्या मोठ्या पावसात निम्मा ढीग परत पाण्यात. आम्ही बायका काठावर उभ्या राहून ते बघत होतो, आणि त्या दिवशी मनाशी ठरवलं की ही पाण्याबाहेर आली की परत जाता कामा नये.

उन्हाळ्यात उजनी मायनसमध्ये गेली, म्हणजे धरणातला वापरायचा साठा संपला, की पाणी खूप मागे सरतं आणि जलपर्णी गाळावर तशीच उताणी पडून वाळते. लोक तिला काडी लावतात. तो धूर दोन-दोन दिवस गावात राहतो, म्हाताऱ्या माणसांचा खोकला थांबत नाही. जाळायचीच तर हवा कोंडून जाळावी, राख होण्याऐवजी कोळसा व्हावा आणि तो रोपवाटिकेत वापरावा, असं मला वाटतं. अशा कोळशालाच बायोचार म्हणतात. त्याबद्दल मोबाइलवर बरंच वाचलं आणि दोनदा करून पाहिलं.

पहिल्यांदा ऑइलच्या जुन्या पिंपात भरून वरून पेटवली. हातात राख आली, कोळसा मूठभर. दुसऱ्यांदा वजनकाट्यावर मोजून केलं. पाण्यातून काढून रात्रभर निथळू दिलेली १०० किलो जलपर्णी. नऊ दिवस कडक उन्हात वाळवल्यावर भरली ७ किलो. झाकण लावून जाळली, धूर पांढराफटक, डोळे उघडवेनात. शेवटी निघाला पावणेदोन किलो कोळसा, त्यातही मधले देठ अर्धेकच्चे, तपकिरी. १०० किलोचे पावणेदोन. सासरे म्हणाले, पोरी, पाणी उपसून त्याचा कोळसा करतेस होय.

आता माझे प्रश्न. पांढरा धूर न होता, राख न होता कोळसा कसा करायचा? पुण्या-पिंपरीचं सांडपाणी प्यालेल्या या झाडाचा कोळसा रोपांना, मातीला घातक तर नाही? आणि आमची जमीन काळी, काठाकडची काही तर खारवट झालेली, तिला कोळसा मानवेल का? कोकोपीटचा खर्च दरवर्षी वाढतोय, त्यातला थोडा जरी वाचला तरी गटाला हातभार लागेल.

---

फलटणवाला

ताई, आधी एक सांगतो, तुमचं वजन चुकलेलं नाही. ताज्या जलपर्णीत ९० ते ९५ टक्के पाणीच असतं. १०० किलोचे ७ किलो वाळून निघाले म्हणजे तुम्ही नीट वाळवली होती. वाळल्या वजनाच्या साधारण तिसरा हिस्सा कोळसा धरतात, म्हणजे अडीच किलोपर्यंत जाता आलं असतं. बाकीचं तुमच्या पिंपात राख होऊन गेलं.

धुराबद्दल. पांढरा धूर म्हणजे वाफ आणि न जळलेला वायू. जलपर्णीचा देठ बाहेरून वाळलेला दिसतो, पण आत स्पंजासारख्या पोकळ्या असतात आणि त्यात ओल धरून राहते. तुमच्याकडे कडबाकुट्टी असेलच. जलपर्णी दोन दिवस सुकली, मऊ पडली की कुट्टीतून काढा आणि मग ताडपत्रीवर पातळ पसरा. अख्ख्या झाडाला नऊ दिवस लागले तिथे कुट्टी निम्म्या दिवसांत वाळेल. तुकडा बोटात धरून वाकवला की कटकन मोडला पाहिजे. वाकला तर अजून एक ऊन. आणि मुळ्या कुट्टीत घालूच नका, त्यात गाळ आणि वाळू असते, पाती बोथट होतात. काठावर ओढताना हातात मोजे आणि पायात गमबूट हवेतच. त्या चटईखाली पाणदिवड असते, कडेच्या वाळल्या ढिगात घोणसही बसते.

आता भट्टी. हलका, पोकळ माल उघड्या पिंपात वरून पेटवला की त्याची राखच होते. त्यासाठी पिंपात पिंप पाहिजे. आमच्याकडे पाचटाचा कोळसा करायची पद्धत जुनी आहे. ॲप्रोप्रिएट रूरल टेक्नॉलॉजी इन्स्टिट्यूट, म्हणजे डॉ. आनंद कर्वे यांची 'आरती' संस्था, तिनं उसाच्या पाचटाच्या कोळशावर काम केलं आणि २००२ साली त्या कामाला इंग्लंडचा ॲशडेन पुरस्कार मिळाला. पाचट आणि वाळलेली जलपर्णी, दोन्हींचा स्वभाव एकच. हलकं, भुरभुरीत, क्षणात पेटणारं. तीच पद्धत तुम्हाला लागू पडेल.

मी असं करतो. आतलं पिंप लहान, पत्र्याचं, त्यात वाळलेली कुट्टी पायानं दाबून दाबून भरायची. झाकण लावून ते मोठ्या पिंपात उपडं ठेवायचं, तोंड खाली, खाली दोन विटांचा आधार. झाकण हवाबंद नको, वायू बाहेर यायला फट राहू द्या. मोठ्या पिंपाला तळाशी हवेची भोकं पाडायची. दोन्हींच्या मधल्या जागेत तुराट्या, पऱ्हाट्या, जे लाकूडफाट्यातलं असेल ते भरून पेटवायचं. आतला माल तापला की त्यातून निघालेला वायू खालच्या फटीतून बाहेर येतो आणि तिथेच पेट घेतो. त्या क्षणापासून धूर जवळजवळ बंद होतो आणि भट्टी स्वतःच्या वायूवर चालते. खालची ज्वाळा विझली की काम झालं. पण लगेच उघडायचं नाही. गरम कोळशाला हवा लागली की तो धगधगून पेटतो आणि तुमची मेहनत डोळ्यांसमोर राख होते. रात्रभर तसंच ठेवायचं. सकाळी उघडून पाण्यात विझवायचं आणि एक दिवस उघड्यावर ठेवायचं. थंड वाटला म्हणून कोळसा लगेच पोत्यात भरून शेडनेटखाली ठेवू नका. पोत्याच्या मध्यभागी निखारा राहून रात्री आग लागल्याचं मी स्वतः पाहिलंय, आमच्याच गोठ्याशेजारी.

---

प्रयोगशाळेतली ताई

माती-पाणी तपासणीत माझी वीस वर्षं गेली. तुमच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नाबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण उत्साहाच्या भरात हीच गोष्ट मागे राहते.

जलपर्णी पाण्यातले जड धातू शोषते. शिसं, कॅडमियम, क्रोमियम, जस्त. म्हणून तर सांडपाणी शुद्ध करायला तिचा वापर करून बघतात. जाळल्यानं, कोळसा केल्यानं धातू नाहीसे होत नाहीत. पारा उडून जातो, कॅडमियमचा काही भाग जास्त तापमानाला उडतो, पण शिसं, क्रोमियम, तांबं हे कोळशातच राहतात. १०० किलो वाळल्या मालाचा ३५ किलो कोळसा झाला तर धातू तेवढेच आणि वजन तिसऱ्या हिश्श्यावर, म्हणजे प्रमाण जवळपास तिप्पट. कोळशात ते थोडे घट्ट बांधले जातात, पिकाला सहज मिळत नाहीत, हे खरं. पण मातीत एकदा गेले की गेले.

यावर घरच्या घरी होणारा उपाय म्हणजे मुळं कापून टाकणं. धातू पानांपेक्षा मुळांत कितीतरी जास्त साठतात. फलटणवाल्या दादांनी पात्यांसाठी मुळं टाळायला सांगितली, मी धातूंसाठी सांगते. फक्त देठ आणि पानं घ्या. कापलेली मुळं पाण्याच्या रेषेपासून लांब, शेती नसलेल्या जागी खड्ड्यात पुरा. आणि एकदा तरी कोळशाची तपासणी करून घ्या. साधी माती तपासणी बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्रात होते, धातूंसाठी मात्र एएएस किंवा आयसीपी हे धातूंचं बारीक प्रमाण मोजणारं यंत्र असलेली प्रयोगशाळा लागते. आकडे आले की कशाशी ताडून बघायचे? खत नियंत्रण आदेश, १९८५ मध्ये शहरी कंपोस्टसाठी कमाल मर्यादा दिल्या आहेत. किलोमागे कॅडमियम ५ मिलिग्रॅम, शिसं १००, क्रोमियम ५०, निकेल ५०. तुमचा कोळसा याच्या बराच खाली असेल तर मला काळजी वाटणार नाही. वर असेल तर रोपवाटिकेत नको.

आता मातीचं. बायोचारची सगळी कीर्ती ॲमेझॉनच्या खोऱ्यातल्या काळ्या मातीवरून आली. तिथल्या जुन्या वस्त्यांनी कोळसा, हाडं, खरकटं मातीत मिसळून निकस जमीन सुपीक केली, तिला टेरा प्रेटा म्हणतात. गंमत अशी की जलपर्णीसुद्धा मूळची त्याच खोऱ्यातली. पण तिथली माती आम्लधर्मी, पावसानं धुतलेली. आपली भीमेकाठची काळी माती तिच्या अगदी उलट, चुनखडीयुक्त, सामू (पीएच) ८ च्या वर, आणि अन्नद्रव्यं धरून ठेवायची ताकद तिच्यात मुळातच भरपूर. जलपर्णीच्या कोळशात राख खूप असते, सामू ९-१० पर्यंत जातो, पोटॅशचे क्षार भरलेले असतात. खारवट जमिनीत तो तसाच टाकणं म्हणजे आधीच क्षार असलेल्या जमिनीला आणखी क्षार देणं. शेतात सरसकट टाकू नका, हे माझं स्पष्ट मत.

शिवाय हिशोब बघा. प्रयोगांत हेक्टरी १० टन वगैरे मात्रा असते. तुमच्या वजनावरून एका एकराला दोनशे टन ताजी जलपर्णी लागेल. कोण ओढणार?

ट्रेचं गणित मात्र वेगळं आहे, आणि तुमचा प्रश्न वाचून मला आनंद झाला तो याच्यासाठी. एकरी साधारण पाच हजार रोपं. एका कपात ५०-६० मिली माध्यम. त्यात दहावा हिस्सा कोळसा घातला तर रोपामागे ५-६ मिली, एकरामागे २५-३० लिटर. हा कोळसा हलका असतो, वजनात चार-पाच किलो भरेल. म्हणजे दोन-अडीचशे किलो ताज्या जलपर्णीत एका एकराची रोपं. हे अकरा बायकांना जमण्यासारखं आहे. आणि धातू थोडे असलेच तरी इतक्या कमी मात्रेत एकराला मिळणारा भार नगण्य राहतो.

पण कोळसा धुतल्याशिवाय घालू नका. रोपाचं कोवळं मूळ क्षार सहन करत नाही. बारीक कुटून गोणपाटात बांधा, हौदात बुडवा, रोज पाणी बदला, तीन दिवस. पोटॅश त्यातून वाहून जाईल, वाईट वाटून घेऊ नका. ते पाणी भरपूर पातळ करून नारळाला, केळीला द्या, फक्त निचऱ्याच्या जमिनीत. मग धुतलेला कोळसा गांडूळखतात मिसळून दोन-तीन आठवडे ओलसर ठेवा. ताजा कोळसा नत्र ओढून धरतो, असा मुरवला की ते होत नाही. आणि आधी चार ट्रेवर करून बघा, चारशेवर नको.

---

धानपट्टा

भंडारा जिल्ह्यातून लिहितो. आमच्याकडे जलपर्णीपेक्षा मामा (माजी मालगुजारी) तलावांत बेशरम जास्त. तुमच्याही काठाला ती जांभळट-गुलाबी फुलांची बेशरम असणारच. ताई, तुमच्या भट्टीला बाहेरून जाळायला तुराट्या विकत घेऊ नका, बेशरम तोडून वाळवा. तिचं खोड पोकळ पण लाकडी आहे, आच चांगली धरते. तोडलेले ओले तुकडे मात्र ओल्या जमिनीवर टाकू नका, जिथे पडतील तिथे फुटतात.

बेशरमचा कोळसा आम्ही खड्ड्यातच करतो. तीन फूट रुंद, उतरत्या कडांचा खड्डा. तळाशी जाळ पेटवायचा, निखारा झाला की वर पातळ थर, त्यावर पांढरी राख दिसायला लागली की पुढचा थर. वरची ज्वाळा हवा खाते, खालचा कोळसा वाचतो. शेवटी भरपूर पाणी. नुसती जलपर्णी या खड्ड्यात टिकणार नाही, भुर्रकन जाईल. बेशरमच्या दोन थरांत एक थर जलपर्णी असं केलं तर जमतं.

एक गोष्ट कळकळीनं सांगतो. पाण्यातली प्रत्येक वनस्पती काढू नका. गोंदिया-भंडाऱ्यात मासेमारी करणाऱ्या ढीवर समाजाच्या बायकांनी तलावांतली बेशरम उपटली आणि तिच्या जागी देशी पाणवनस्पती परत लावल्या, कारण माशांना अंडी घालायला आणि पाखरांना खायला त्याच लागतात. कोळशाला माल हवा म्हणून पाणकणीस, देवनळ, लव्हाळा कापायला सुरुवात झाली तर तुमच्या सासऱ्यांची मासळी आणि भिगवणचे रोहित पक्षी (फ्लेमिंगो) दोन्ही जातील. जलपर्णी आणि बेशरम दोन्ही बाहेरून आलेल्या. तेवढ्याच घ्या.

---

भीमाकाठची

सगळ्यांचे मनापासून आभार. मी सगळं वहीत उतरवून घेतलं आणि गटात वाचून दाखवलं. बेशरमचं तर लक्षातच आलं नव्हतं, ओढ्याच्या तोंडाला रान माजलंय. पाणकणसाला आम्ही हात लावणार नाही, सासऱ्यांनी आधीच बजावलंय, तिथे मरळ अंडी घालते.

एक शंका. ताई, इतकं धुवायचं, मुरवायचं, तर सरळ जलपर्णीचं गांडूळखतच का करू नये? आमच्यातली एक जण हाच प्रश्न विचारून बसली आणि मला उत्तर देता आलं नाही.

---

प्रयोगशाळेतली ताई

तिचा प्रश्न बरोबर आहे, तिला सांगा. ओली जलपर्णी असेल तेव्हा खतच करा, शेणाबरोबर. ९० टक्के पाणी असलेला माल पावसाळ्यात वाळवत बसण्यात अर्थ नाही. कोळसा फक्त त्या मालाचा करा जो उन्हानं फुकट वाळवून दिलाय, म्हणजे तुमच्या गाळावर एप्रिल-मेमध्ये पडलेला. नाहीतर तो पेटवलाच जातो.

फरक दोन ठिकाणी पडतो. जलपर्णीचं बी पंधरा-वीस वर्षं जिवंत राहतं. ढीग नीट तापला नाही तर ते खतातून परत ओढ्यात जातं, भट्टीतून जात नाही. आणि खत ट्रेमध्ये दोन-तीन पाण्यांत बसतं, घट्ट होतं. कोळशाचा खडा पोकळ राहतो, हवा आणि ओल दोन्ही धरतो. कोकोपीटचं काम खत करू शकत नाही, कोळसा थोडंफार करतो.

---

जांभ्यातला

रत्नागिरीकर. इथे आमच्या लाल मातीचा सामू साडेपाचच्या आसपास, त्यामुळे आम्ही असा राखेचा कोळसा न धुता आंब्याच्या आळ्यात शेणखताबरोबर घालतो आणि तो सोसतो. हे वाचून कुणी सोलापुरात तसंच करायला जाऊ नये म्हणून लिहिलं.

---

भीमाकाठची

सात आठवड्यांनी लिहितेय, उशीर झाला. पाऊस लागायच्या आत जेवढं झालं तेवढं केलं.

गाळावरची वाळलेली जलपर्णी आम्ही चौघींनी विळ्यानं मुळं वेगळी तोडून गोळा केली. वरून कोरडी होती, पण बुडखा ओलाच, दादांनी सांगितलेली कटकन मोडण्याची परीक्षा बुडख्यानं दिली नाही. म्हणून कुट्टी करून आणखी तीन उन्हं दिली. गावातल्या वेल्डरकडून पिंपात पिंप करून घेतलं. बाहेर बेशरम. पहिली दहा-पंधरा मिनिटं धूर आला, मग खालून पिवळी ज्वाळा लागली आणि धूर खरंच थांबला. सासरे खुर्ची घेऊन शेजारी बसले होते, तेही उठून बघायला आले. ८ किलो कुट्टीला पावणेतीन किलो कोळसा. सगळा काळा, एकही तपकिरी देठ नाही, बोटानं चुरडला की काचेसारखा आवाज.

तपासणीत न धुतलेल्या कोळशाचा सामू १०.१ आला. तीन दिवस धुतल्यावर ९ च्या जरा खाली, गांडूळखतात अठरा दिवस मुरवल्यावर ८.१. शिसं, कॅडमियम, क्रोमियम तिन्ही ताईंनी दिलेल्या मर्यादेच्या आत आलं. क्रोमियम त्यातल्या त्यात मर्यादेच्या जवळ आहे, म्हणून पुढच्या वर्षी दुसऱ्या टोकाचा माल वेगळा तपासून मगच घेऊ. मुळं पुरली आहेत, ओढ्यापासून लांब, पडीक माळावर.

चार ट्रे केले, प्रत्येकी ४२ टिपऱ्या, एकाच बेण्याच्या. नुसत्या कोकोपीटमध्ये ३७ उगवल्या. दहावा हिस्सा धुतलेला, मुरवलेला कोळसा घातलेल्यात ३८. पाचवा हिस्सा घातलेल्यात ३५. आणि मुद्दाम न धुतलेला पाचवा हिस्सा घातला होता, त्यात २२, त्यांचेही शेंडे करपलेले. तो ट्रे मी शेडच्या दारातच ठेवलाय, गटातल्या प्रत्येकीनं येता-जाता बघावा म्हणून. एक-दोन रोपांच्या फरकावरून दहावा हिस्सा कोकोपीटपेक्षा चांगला असं मी म्हणणार नाही. पण कमी नाही हे दिसलं. त्या ट्रेला दुपारचं पाणी एक दिवस चुकलं तरी रोपं माना टाकत नव्हती, हे मी आणि आमच्या गटाच्या अध्यक्ष दोघींनी बघितलं.

पुढच्या हंगामात पन्नास हजार रोपांची मागणी आहे. दहा एकर. ताईंच्या हिशोबानं चाळीस-पन्नास किलो कोळसा, म्हणजे पिंपाच्या पंधरा-अठरा भट्ट्या. मेमध्ये पाणी उतरलं की दिवसाला एक लावायची असं ठरलंय. वेल्डरला दुसरं पिंप सांगितलंय.

फलटणवाले दादा, आतल्या पिंपाचा पत्रा पाच भट्ट्यांतच पातळ होऊन एका बाजूनं भोक पडायला आलाय. जाड पत्रा घेतला तर आच आत पोचायला वेळ लागेल का? तुम्ही किती जाडीचा वापरता?